तुझ्या जखमेला पू नव्हता

वैजू,

आधी माफ कर. माझं अक्षर तुला ठाऊक आहे. ओळ सुरू होते एकीकडे आणि संपते भलतीकडे. कुठली वेलांटी पहिली आणि कुठली दुसरी, ते चौथीत सुटलं ते सुटलंच. तू असतीस तर लाल पेन घेऊन बसली असतीस आणि म्हणाली असतीस, "वयनी, ही वेलांटी हाय की शेळीचं शिंग?" आता लाल पेन चालवणारं कोणी नाही, म्हणून जसं येईल तसं लिहिते. हे कोणाला दाखवायचं नाही. तुझ्या दादालाही नाही. चार माणसांत माझ्या तोंडातून शब्द निघत नाही हे तू जाणतेस. मला रडायचीसुद्धा लाज वाटते. तुझ्या बाराव्याला बायका माझ्या गळ्यात पडून रडत होत्या आणि मी त्यांना पाण्याचे तांबे देत फिरत होते.

पडवीत बसले आहे, तू मुलांची शिकवणी घ्यायचीस त्या कोपऱ्यात. तू निघताना बसवलेली तांबडी कोंबडी समोरच्या टोपलीत अंड्यांवर बसून आहे. दाणे टाकले तर उठते, घाईघाईने टिपते आणि परत जाऊन बसते. तिला कोणी सांगितलं नाही की तू आता येणार नाहीस.

मी या घरात आले तेव्हा तू शाळेत जात होतीस. उंबरमाळीकडची मी, डोंगरातली, टोकावड्याच्या रस्त्यावरच्या गाड्यांनासुद्धा भ्यायचे. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी चुलीपुढे मान खाली घालून बसले होते, तर तू लंगडत आलीस. टाचेला फडकं बांधलेलं. म्हणालीस, "वयनी, तू बोलत नाय म्हणून आई बोलते मुकी सून आणली. मुकी असलीस तर खूण कर, मी कोणाला सांगणार नाय." मला हसू आलं. या घरात मी पहिल्यांदा हसले ते तुझ्यामुळे. मग फडकं सोडून तुझी टाच पाहिली. कातडी गेलेली, मांस दिसत होतं, पण कडेला लाली नाही, सूज नाही, पू नाही. धुऊन ठेवल्यासारखी जखम. मी म्हटलं, "किती दिवसांची?" तू म्हणालीस, "गणपतीपासून." तेव्हा होळी आली होती.

आपल्या आळीत सगळे कौतुकच करायचे. "वैजूचं अंग साफ. कधी चिघळत नाय." माझंही तेच मत झालं होतं. चिघळत नाही म्हणजे चांगलंच, असं कोणालाही वाटेल. जखम बरी व्हायची, पण महिनोन् महिने लागायचे आणि मागे जो व्रण राहायचा तो कांद्याच्या सालीसारखा पातळ, चकचकीत. तुझ्या दोन्ही पायांवर तसल्या साली होत्या.

मग तो कोंबडा आठवतो का, ज्याच्या तळपायाला गाठ आली होती? तू नववीत असशील. मी त्याला मांडीत धरला, पातं तापवून चीर दिली आणि आतून पिवळा गोळा काढला. घट्ट, भुसभुशीत, उकडलेल्या अंड्यातल्या बलकासारखा. तू नाक न मुरडता तो गोळा हातावर घेतलास.

"पू कुठं हाय?"

"हाच पू. कोंबडीचा पू वाहत नाय. असा गोळा होतो."

"आणि शेळीचा?"

"शेळीचा वाहतो. माणसासारखा."

तू बराच वेळ त्या गोळ्याकडे बघत राहिलीस. मग स्वतःच्या टाचेकडे बघितलंस. "वयनी, माझा वाहत पण नाय आणि गोळा पण होत नाय. मी कोण गो?" मी म्हटलं, "तू कोंबडीच. दिवसभर कुचकुच करतेस." दोघी हसलो. तो प्रश्न तू तेव्हापासून मनात ठेवला होतास हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. मुरबाडच्या कॉलेजात तू प्राणिशास्त्र घेतलंस तेव्हा आई कुरकुरली, की मुलीच्या जातीला बेडूक कापायला कशाला पाठवायचं. तू म्हणालीस, "बेडूक नाय आई, मला कोंबडी समजून घ्यायची हाय." आईला वाटलं पोल्ट्री टाकणार.

विशी उलटायच्या आत तुझे दात हलायला लागले. एकेक करून गेले. तू हसताना तोंडावर हात धरायला लागलीस. फक्त माझ्यापुढे धरायची नाहीस, हे मी कधी बोलले नाही पण मला त्याचा अभिमान होता. तुला बघायला पाहुणे आले त्या दिवशी मुलाची मावशी म्हणाली, "जरा हसून दाखव बरं." तू अस्सं तोंड उघडून हसलीस की त्यांचा चहा बशीतच राहिला. ते गेले. आई कोनाड्याकडे तोंड करून रडत बसली. तू आत आलीस आणि म्हणालीस, "वयनी, त्यांचे पोहे तसेच हायत, आण. आपण खाऊ." आपण खाल्ले. तू मऊ पोहे बोटांनी दाबून खात होतीस आणि मी त्यातले शेंगदाणे निवडून बाजूला काढत होते.

टोकावड्याच्या डॉक्टरांनी तुझ्यासाठी कमी केलं नाही. प्रत्येक तापाला रक्त तपासायचे आणि डोकं खाजवायचे. "पांढऱ्या पेशी एवढ्या भारी वाढल्यात. लढणारे एवढे असताना ही पोर बरी का होत नाही?" शेवटी त्यांनीच स्वतःहून सांगितलं, मुंबईला मोठ्या दवाखान्यात न्या, हे माझ्या हातातलं नाही.

तिथली ती खोली मी विसरू शकत नाही. तू, आई आणि मी. तुझा दादा औषधाच्या रांगेत. डॉक्टरबाई वयाने तुझ्याएवढ्याच दिसत होत्या. त्यांनी तुझे व्रण पाहिले, हिरड्या पाहिल्या आणि आईला विचारलं, "ही जन्मली तेव्हा हिची नाळ कधी पडली, आठवतं?"

आईचा चेहरा उजळला. ती गोष्ट आई दर बारशाला सांगायची. आळीतल्या सगळ्यांना पाठ होती.

"न आठवायला काय झालं? सव्वा महिना झाला तरी पडली नव्हती! सुईण बोलली, गो बाई, ही पोर आईला सोडायलाच तयार नाय. नशीब काढणार बघ. ज्यांना मूल होत नव्हतं त्या बाया येऊन हिच्या पाळण्याला हात लावून जायच्या."

डॉक्टरबाईंचं लिहिणं थांबलं. त्यांनी अगदी हळू विचारलं, "आई, हिच्याआधी किंवा नंतर आणखी मुलं झाली होती?"

"झाली ना. हिच्या दादानंतर दोन. राहिली नाय. तान्ही होती."

"त्यांची नाळ?"

आई बोलायला लागली आणि मध्येच थांबली. तिचा हात पदराकडे गेला आणि तिथेच राहिला. मी तिच्याकडे बघत होते, तू खिडकीबाहेर बघत होतीस. मग आई म्हणाली, "त्यांची पण." एवढंच. मग त्या बाईंनी विचारलं, तुमचं लग्न नात्यात झालं होतं का. आईने मान हलवली. बाबा तिच्या आत्याचा मुलगा. आपल्याकडे त्यात कोणाला काही वाटत नाही.

त्या दिवसानंतर आईने ती गोष्ट पुन्हा सांगितली नाही. घरी कोणी काढली तर उठून गोठ्यात जायची.

परत येताना कल्याणहून माळशेजची एसटी मिळाली. आई पुढच्या बाकावर डोळे मिटून बसली होती. मी तुला विचारलं, काय झालंय तुला, मला कळेल असं सांग. तू जराही न लाजता चालत्या गाडीत उभी राहिलीस.

"ही गाडी म्हंजे रक्त. आतली माणसं म्हंजे पांढऱ्या पेशी. जिथं जखम होते तो त्यांचा स्टॉप. आता उतरायचं तर काय लागतं? दांडी धरायला हात लागतो. आधी हात घासत घासत वेग कमी करायचा, मंग घट्ट धरायचं, मंग दारातून अंग बाहेर काढायचं. माझ्या पेशींना हातच नाय गो. गाडी खच्चून भरलीय, स्टॉप येतो आणि जातो, पण उतरत कोण नाय."

कंडक्टर मागून ओरडला, "ओ ताई, बसा खाली! टोकावडं लांब हाय अजून!"

"मी पांढरी पेशी हाय मामा, उतरायचा सराव करते!"

गाडीतले लोक हसले. कंडक्टरही हसला आणि म्हणाला, "मंग अर्धं तिकीट घ्या." तू धपकन माझ्याशेजारी बसलीस. हसत होतीस, पण माझा हात तू इतका घट्ट धरला होतास की बांगडी मनगटात रुतली. मला सगळं कळलं होतं. डॉक्टर वाढलेल्या पेशी बघून का चक्रावत होते तेही कळलं. गाडीत होत्या म्हणून तर मोजणीत वाढलेल्या दिसत होत्या. आणि तुझी जखम साफ का असायची तेही. पू म्हणजे तिथे उतरून मेलेल्या पेशी. तुझ्या जखमेपर्यंत कोणी पोचतच नव्हतं.

मग ती अंडी. ते हात म्हणजे प्रथिनं असतात, असं तू सांगितलंस. प्रथिनं अंड्यात असतात हे मला अंगणवाडीतल्या पाटीवरून माहीत होतं. दुसऱ्या दिवसापासून मी तुला रोज दोन उकडलेली अंडी द्यायला लागले. तू पोट धरून हसलीस. "वयनी, अंड्यातलं प्रथिन पोटात गेलं की त्याचे तुकडे होतात. माझ्या अंगाला तो हात घडवायचा नमुनाच येत नाय. शंभर अंडी खाल्ली तरी हात फुटणार नाय." मी म्हटलं, "फुटू नको दे. खा." तू खायचीस. पण अंडी म्हणजे माझ्या हातचा पैसा, त्यातून मी मीठमिरची, मुलांच्या वह्या आणायचे, म्हणून तू हट्टाने म्हणालीस, ही उधारी. शिकवणीचे पैसे आले की अंड्यांचे पैसे माझ्या डब्यात टाकायचीस. मी रागवायचे. शेवटी आपलं असं ठरलं की तू द्यायचे, पण दहा रुपये कायम बाकी ठेवायचे.

"ते कशाला?"

"बरी झालीस की मुंबईला नोकरी करशील आणि आमाला विसरशील. दहा रुपये बाकी असले की मला वसुलीला यायला कारण."

"म्हंजे दहा रुपयांसाठी तू शंभर रुपयांचं तिकीट काढून येणार?"

"येणार."

तू मला अडाणी सावकार म्हणायला लागलीस.

त्याच दिवसांत तू मोबाइलवर कोंबडीचं शोधून काढलंस. दुपारी कोंबड्या सावलीत बसल्या होत्या आणि तू मला समजावत होतीस. म्हणालीस, कोंबडी आणि आपण फार फार जुन्या काळी एकाच घरातले होतो. मग वेगळ्या चुली झाल्या. तिनं पिसं घेतली, आपण केस घेतले. पण पेशींचे हे धरायचे हात दोघांनीही जपून नेले. काही हात तिच्याकडे वेगळ्या घडणीचे, काही आपल्याकडे जास्तीचे, पण धरायचं काम तेच. "एवढ्या काळात कोणी टाकून दिलं नाय बघ. कोंबडीनं नाय, शेळीनं नाय, उंदरानं नाय. यावरून समज ते किती लागतात."

आणि तिथून आपलं ते भांडण सुरू झालं, जे मिटलंच नाही. मी म्हटलं, "कोंबडीला पू येत नाय, तरी ती मजेत जगते. तू पण जगशील." तू म्हणालीस, "वरून सारखं दिसतं गो, आतून उलटं हाय. कोंबडीच्या पेशी उतरतात. उतरतात म्हणून तर गोळा होतो. फक्त तो पातळ करायचं औषध तिच्या पेशीत नाय. माझ्यात उतरतच नाय कोण." मी म्हटलं, "ते काय मला कळत नाय. कोंबडी जगते." तू म्हणालीस, "वयनी, कळतं तुला." मी उठून भांडी घासायला गेले.

त्यानंतर किती वेळा ते झालं. ताप आला की मी म्हणायचे, कोंबडी जगते. तू म्हणायचीस, तिच्या उतरतात. शेवटी शेवटी तू नुसती माझ्याकडे बघायचीस आणि मी नुसता हांडा उचलायचे. वैजू, मला कळत होतं. तू एसटीत उभी राहिलीस तेव्हाच कळलं होतं. पण मी हो म्हटलं असतं तर आपल्या दोघींपैकी कोणी उरलं नसतं नाही म्हणायला.

मग तो एक चांगला महिना आला. दवाखान्यात तपासलं, तर तुझ्या दादाचं तुझ्याशी जुळलं. हाडातला मगज. तो तुझ्यात घालायचा, मग तुझ्या अंगात नव्या पेशी त्याच्या तऱ्हेच्या तयार होतील, हातवाल्या. ज्या भावाने तुला कधी सायकलला हात लावू दिला नाही तो जेवताना ताटात बघून म्हणाला, "माझे हात घेणार असशील तर विळा पण घे. भात कापायला ये." तू म्हणालीस, "तुझे हात घेऊन आळशी झाले तर?" आई कितीतरी दिवसांनी हसली. दिवाळीनंतर बोलावलं होतं. भात झोडून झालं की निघायचं. मी माहेरी गेले तेव्हा तुलाही नेलं आणि शहापूरच्या बाजारात घेऊन गेले होते, दवाखान्यात नेसायला गाऊन घ्यायला. तू गाऊन सोडून ही तांबडी पसंत केलीस. भर उन्हात फडक्यात बांधून तिला मांडीवर घेऊन आलीस. म्हणालीस, मी येईपर्यंत हिची पिल्लं मोठी होतील.

नवरात्रात तुझ्या पोटरीवर तो डाग उठला. करंगळीच्या नखाएवढा, काळपट. भिंतीपलीकडची काशी आली होती, तिने वाकून पाहिलं. "काय साफ हाय गो. पू नाय, काय नाय. दोन दिवसांत सुकंल." आपण एकमेकींकडे पाहिलं. त्या क्षणी या सगळ्या जगात दोनच बायका होत्या ज्यांना साफ जखमेची भीती वाटत होती. मी देवीपुढे दिवा लावला आणि काय मागितलं माहीत आहे? हिच्या जखमेत पू येऊ दे. असं साकडं कोणी देवीला कधी घातलं नसेल. मी दिवसातून किती वेळा तुझा पाय बघायचे. पांढरं काही दिसतंय का, थोडीशी सूज, थोडीशी लाली. काही नाही. डाग पसरत गेला आणि साफ राहिला.

ताप चढला त्या सकाळी तुझा दादा तुला मुंबईला न्यायला जीप बघायला गेला. मी तुझे कपडे बांधत होते. बाहेर आले तर तू पडवीत टोपली घेऊन बसलेली. पेंढा घालून अंडी मांडत होतीस.

"आत्ता हे करायची वेळ हाय का?"

"तांबडी खुडूक झालीय, अंड्यांवरून उठत नाय. आज नाय बसवली तर अंडी जातील. पावसाचा खिळा कुठं हाय?"

मला नवल वाटलं. परतीच्या पावसात गडगडतं, त्याने अंडी बाद होऊ नयेत म्हणून आपण टोपलीच्या तळाशी कोळसा आणि लोखंडाचा खिळा ठेवतो. त्यावरून तू मला दर वर्षी चिडवायचीस, की वीज काय तुझा खिळा बघून घाबरते? त्या दिवशी मात्र म्हणालीस, आण, मीच ठेवते. मी आणून दिला आणि पाणी भरायला वळले. तू मागून म्हणालीस, "वयनी, ते दहा रुपये घेऊन टाक."

"आल्यावर दे."

"घे गो. हातात हायत."

"नाय घेत. आल्यावर."

"अडाणी सावकार," तू म्हणालीस. तुझे ओठ तापाने वाळले होते. मी तांबडीला आणून अंड्यांवर ठेवलं. तिने पोटाखाली अंडी सरकवून घेतली. जीपचा हॉर्न वाजला.

त्यानंतर तू माझ्याशी बोललीस ते सगळं रस्त्यातलं, पाणी दे, खिडकी लाव, असलं. दुसऱ्या दिवशी तोंडात नळी घातली. डॉक्टरबाई रोज दोनदा येत होत्या. शेवटच्या दिवशी त्या आमच्या बाकावर येऊन बसल्या, नुसत्या बसल्या, आईचा हात धरून. तुझा दादा भिंतीशी उभा राहून म्हणत होता, "माझं काढा ना. आत्ता काढा. मी तयार हाय." त्यांनी सांगितलं की आता तेवढा वेळ नाही. रक्तात पेशी भरपूर होत्या म्हणे. शेवटपर्यंत गाडी भरलेली होती, वैजू.

मला आता मनाची समजूत घालता येत नाही. लोक म्हणतात सुटली बिचारी. सुटली नाहीस तू. तुला सुटायचं नव्हतं. तुला भात कापायचा होता. मी कोंबड्यांना दाणे टाकते आणि मला त्यांचा राग येतो. उकिरडा उकरणाऱ्या कोंबडीच्या रक्तात जे आहे ते तुझ्यात का नव्हतं? परवा एकीच्या पायाला गाठ दिसली. तिला धरली, चीर दिली, पिवळा गोळा निघाला. मी तो हातावर घेऊन बसले आणि पहिल्यांदा रडले. त्या गोळ्यापुढे रडले. तुझ्या बाराव्याला नाही रडले. उतरल्या होत्या, तिच्या सगळ्या उतरल्या होत्या.

तुझ्यामुळे मी बोलायला लागले होते. शिकवणीला मुलं बसली की मला बाजूला बसवायचीस आणि धडा वाचायला लावायचीस, मुलं हसली तर त्यांनाच उठाबशा. बँकेत सही करताना मी अडले की मागे उभी राहून कानात म्हणायचीस, "सावकार, घाबरू नको." आता बँकेत कोण उभं राहणार? मी परत पहिल्यासारखी झाले. दिवसभरात दहा शब्दही होत नाहीत. आई आणि मी एका चुलीपाशी बसतो आणि दोघींनाही काही बोलता येत नाही.

मध्ये लिहिणं राहिलं. चार दिवस भाताला माणसं होती.

काल काशीच्या नातवाचं बारसं झालं. घरात नुकतंच दुःख झालेलं म्हणून आईला बोलावणार नव्हते, पण काशी स्वतः येऊन घेऊन गेली. मी मागे बसले होते. बायका पाळणा हलवत होत्या, कोणीतरी सवयीने म्हणालं, "काकू, तुमच्या वैजूची ती नाळेची..." आणि जीभ चावली. आई उठून निघेल असं मला वाटलं. आई पाळण्याजवळ गेली. बाळाचं दुपटं बाजूला करून बघितलं आणि काशीच्या सुनेला विचारलं, "पडली का गो?"

"कालच पडली, आजी."

"बरं झालं. ऐका गो सगळ्या. महिना होऊन नाळ नाय पडली तर पाळण्याला हात लावायला येऊ नका. पोराला मोठ्या दवाखान्यात न्या. ती खूण चांगली नाय. माझी तीन गेली."

आई घरी आली ती चुलीपुढे बसली आणि संध्याकाळपर्यंत उठली नाही. मी तिला चहा दिला. तो निवला.

आज सकाळी टोपलीतून आवाज यायला लागला. तांबडी पिसं फुलवून बसली होती, तिच्या पोटाखालून एक ओलं डोकं बाहेर आलं. दुपारपर्यंत बहुतेक सगळी निघाली. दोन अंडी वांझ. मी तांबडीला पिल्लांसकट अंगणात सोडलं आणि टोपली साफ करायला घेतली. साली वेचल्या, पेंढा झटकला. तळाशी कोळसा होता. खिळा होता. आणि खिळ्याला घट्ट गुंडाळलेली दहाची नोट होती, दोऱ्याने बांधलेली.

म्हणजे तू माझं ऐकलं नाहीस. मी पाण्याला वळले तेवढ्यात बांधलीस. पिल्लं निघाल्यावरच टोपली झाडतात हे तुला माहीत होतं. तोवर तू येणार नाहीस हेही माहीत होतं. आपल्या भांडणात तूच बरोबर होतीस, आणि ते तू मला तोंडावर शेवटचं एकदा सांगितलं नाहीस.

नोट सोडून सरळ केली. कोंबडीच्या अंगाची ऊब अजून होती तिला. डब्यात टाकली.

तुझे सगळे पैसे पोचले, वैजू. आता तुझ्याकडे माझं काहीच बाकी नाही.